क्रौर्य, मेंदू आणि न्याय

तेलंगणातील कोमराम भीम आसिफाबाद जिल्ह्यात, लिंगापूर मंडलातील येल्लापटार गावाजवळ, २४ नोव्हेंबर २०१९ रोजी एका दलित विवाहितेवर तिघांनी बलात्कार करून तिचा निर्घृण खून केला. ती गावोगाव फिरून किरकोळ वस्तू विकणारी, हातावर पोट असलेली स्त्री होती. २०१६ साली जिल्ह्यांची फेररचना होईपर्यंत हा मुलूख आदिलाबाद जिल्ह्याचाच भाग होता आणि खटलाही आदिलाबादच्या विशेष न्यायालयातच चालला. ३० जानेवारी २०२० रोजी, म्हणजे गुन्ह्यानंतर अवघ्या सदुसष्ट दिवसांनी, त्या न्यायालयाने तिघांनाही फाशीची शिक्षा सुनावली. पीडितेचे खरे नाव प्रसिद्ध करण्यास कायद्याची मनाई असल्यामुळे पोलिसांनी तिला 'समता' हे नाव दिले. हयातीत जी समता त्या बाईच्या वाट्याला आली नाही, ती मरणोत्तर नावापुरती तरी आली, असे खेदाने म्हणावे लागते.

आदिलाबाद हा आमच्या वाचकांना परका मुलूख नव्हे. पैनगंगा ओलांडली की लागणारा हा जिल्हा जुन्या हैदराबाद संस्थानातला. किनवट आणि राजुरा हे तालुके १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपर्यंत याच जिल्ह्यात होते आणि आजही सीमेवरच्या त्याच्या गावांतून मराठी सर्रास बोलली जाते. तिथे जे घडले, ते मुंबईत, पुण्यात, कोल्हापुरात आणि आमच्या या शांत म्हणविणाऱ्या गोमंतकातही घडलेले आहे. अशी वार्ता आली की प्रत्येकाच्या तोंडून एकच प्रश्न उमटतो. ही माणसे आहेत की कोण? दुसऱ्याच्या वेदनेने तसूभरही न हलणारे मन घडते तरी कसे?

पूर्वी या प्रश्नाचे उत्तर पूर्वकर्मावर, रक्तावर किंवा कलियुगावर ढकलले जाई. गेल्या काही दशकांत मेंदूचे शास्त्रज्ञ ते मेंदूच्या तंतूंत शोधू लागले आहेत. सायकोपॅथी या नावाने ओळखल्या जाणाऱ्या व्यक्तिमत्त्वात मेंदूच्या विशिष्ट भागांमधील जोडणी कमकुवत असते, असे त्यांच्या काही अभ्यासांचे प्रतिपादन आहे. हे प्रतिपादन कितपत खरे आहे आणि त्याचा न्यायदानाशी काय संबंध पोहोचतो, याचा विचार शांतपणे करण्याची वेळ आली आहे, असे आम्हांस वाटते. संतापाच्या भरात तो होत नाही आणि संताप ओसरल्यावर कोणालाही त्याची गरज वाटत नाही, हीच आपली अडचण आहे.

आरंभी शब्दांचा घोळ निस्तरला पाहिजे. मराठी वृत्तपत्रे 'मनोविकृत', 'माथेफिरू', 'नराधम' हे शब्द एकाच पंक्तीला बसवितात. वस्तुतः वेडाच्या भरात खून करणारा मनुष्य आणि शुद्धीवर राहून, हिशेब करून खून करणारा मनुष्य यांत जमीनअस्मानाचे अंतर आहे. १९६८ साली मुंबईत पदपथावर झोपणाऱ्या गोरगरिबांची डोकी ठेचणारा रामन राघव हा पहिल्या प्रकारातला. त्याला सत्र न्यायालयाने फाशी दिली होती. परंतु मानसोपचारतज्ज्ञांच्या मंडळाने त्याला जुनाट स्किझोफ्रेनिया असल्याचा निर्वाळा दिला आणि १९८७ साली मुंबई उच्च न्यायालयाने ती शिक्षा जन्मठेपेत रूपांतरित केली. १९९५ साली पुण्याच्या ससून रुग्णालयात तो मरण पावला. त्याचे जग भ्रमाचे होते. वास्तवाशी असलेला त्याचा दुवाच तुटलेला होता.

सायकोपॅथीचे तसे नाही. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञ हर्वे क्लेक्ली यांनी १९४१ साली या विषयावर लिहिलेल्या प्रसिद्ध ग्रंथाला 'शहाणपणाचा मुखवटा' अशा अर्थाचे नाव दिले, ते याच कारणाने. असा मनुष्य बोलण्यात गोड, बुद्धीने तल्लख आणि वागण्यात चारचौघांसारखा असू शकतो. त्याला ना भास होतात ना भ्रम. उणीव असते ती भय, पश्चात्ताप आणि परदुःखाची जाणीव यांची. पुढे कॅनडातील मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट हेअर यांनी याची वीस मुद्द्यांची मोजपट्टी तयार केली. प्रत्येक मुद्द्याला शून्य, एक वा दोन गुण द्यायचे. एकूण चाळीसपैकी तीस किंवा अधिक गुण मिळाले, तर उत्तर अमेरिकेत त्या व्यक्तीला सायकोपॅथ म्हणण्याचा प्रघात आहे. युरोपात ही रेषा पुष्कळदा पंचविसावर ओढली जाते. एका खंडात जो सायकोपॅथ नाही तो दुसऱ्या खंडात सायकोपॅथ ठरू शकतो, एवढ्यावरून ही रेषा निसर्गाने आखलेली नसून माणसाने आखलेली आहे, हे ध्यानात यावे.

गोमंतकीय वाचकांना या ठिकाणी २००९ सालची आठवण झाल्यावाचून राहणार नाही. शिरोड्याच्या महानंद नाईक या रिक्षाचालकाला त्या वर्षी अटक झाली आणि लग्नाचे आमिष दाखवून, दागिन्यांच्या लोभाने सोळा स्त्रियांचे खून केल्याचा आरोप त्याच्यावर आला. काही खटल्यांत त्याला जन्मठेप झाली, अनेक खटल्यांतून पुराव्याअभावी तो सुटला. या सर्व प्रकरणात लोकांना सर्वाधिक हादरा बसला तो एवढ्याचाच, की वर्षानुवर्षे तो सर्वांच्या देखत चारचौघांसारखा वावरत होता. त्याच्या मनाचे वा मेंदूचे निदान करण्याचा अधिकार आम्हांस नाही आणि आदिलाबादच्या खटल्यातील तिघांचेही नाही. बातमी वाचून निदान करणे हा वैद्यकाचाही गुन्हा आणि न्यायाचाही. परंतु मुखवट्याची कल्पना कोठून आली, हे अशा प्रकरणांवरून कळते.

आता मेंदूकडे वळू. आपल्या कानशिलांच्या आत, खोलवर, बदामाच्या आकाराचा एक लहानसा पुंजका दोन्ही बाजूंना असतो. शास्त्रज्ञ त्याला अमिग्डला म्हणतात. या ग्रीक शब्दाचा अर्थही बदाम असाच आहे. भीतीची चाहूल, दुसऱ्याच्या चेहऱ्यावरील आर्तता, धोक्याची सूचना यांची नोंद घेण्यात त्याचा मोठा वाटा असतो. कपाळामागील अग्रखंडाच्या खालच्या, मधल्या भागाकडे दुसरे काम असते. एखाद्या कृत्याची किंमत काय पडेल, ते करावे की करू नये, याचे मोल तो भावनेच्या आधारे ठरवितो. या दोन टोकांना जोडणारा, आकडीसारखा वळलेला तंतूंचा एक जुडगा आहे. हा मार्ग सुदृढ असेल तर समोरच्याची किंकाळी केवळ कानापर्यंत न थांबता निर्णयापर्यंत पोहोचते, अशी या शास्त्राची मांडणी आहे.

हे तंतू जिवंत माणसात पाहता येतात ते एमआरआय यंत्रामुळे. तंतूंच्या दिशेने पाण्याचे कण सहज सरकतात, आडवे सरकताना अडखळतात. या सरकण्याचे मोजमाप करून जुडग्याची बांधणी किती सुसंघटित आहे, हे अजमावले जाते. दुसरी पद्धत निराळी आहे. मेंदूचे दोन भाग एकमेकांशी ताल धरून काम करतात की नाही, हे तेथील रक्तातील प्राणवायूच्या चढउतारावरून ती पाहते. लंडनमधील संशोधकांनी २००९ साली सायकोपॅथीचे निदान झालेले नऊ जण आणि नऊ सामान्य माणसे यांची तुलना केली, तेव्हा पहिल्या गटात हा आकडीसारखा जुडगा कमकुवत आढळला. २०११ साली अमेरिकेच्या विस्कॉन्सिन राज्यातील कैद्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात दोन्ही पद्धती वापरल्या होत्या आणि दोहोंचा कौल एकाच दिशेचा होता: सायकोपॅथ कैद्यांत अग्रखंड आणि अमिग्डला यांच्यातील जोडणी इतर कैद्यांच्या मानाने क्षीण होती. तुलना कैद्यांची कैद्यांशीच असल्यामुळे या अभ्यासाला विशेष वजन आले.

येथवरचे शास्त्र विलक्षण आहे, यात शंका नाही. परंतु यावरून 'सायकोपॅथाचा मेंदू सापडला' असा डंका पिटणे हे शास्त्र नव्हे. नऊ नऊ माणसांच्या गटांवरून मनुष्यजातीचा निवाडा करता येत नाही आणि पुढील अभ्यासांचे निष्कर्ष सर्वत्र एकमेकांशी जुळलेलेही नाहीत. त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, हे सारे आकडे गटांच्या सरासरीचे आहेत. पुरुष सरासरीने स्त्रियांपेक्षा उंच असतात, एवढ्यावरून समोरची पाच फूट पाच इंच उंचीची व्यक्ती पुरुष आहे असे कोणी छातीठोकपणे सांगू लागले तर आपण हसू. मेंदूच्या चित्राकडे पाहून 'हा खुनी' असे सांगणे त्याहून वेगळे नाही. यंत्राची चित्रे डोळे दिपविणारी असतात, म्हणून तर अधिक सावध राहिले पाहिजे. अमेरिकेत २००९ साली काही संशोधकांनी एक मेलेला मासा या यंत्रात ठेवला, त्याला माणसांची छायाचित्रे दाखविली आणि गणिताची आवश्यक काळजी घेतली नाही, तर त्या मृत माशाच्या मेंदूतही 'हालचाल' दिसते, हे दाखवून दिले!

आणखी एक गोष्ट तर हृदयाला पीळ पाडणारी आहे. पूर्व युरोपातील अनाथालयांत तान्हेपणी मायेवाचून वाढलेल्या आणि पुढे अमेरिकेत दत्तक गेलेल्या सात मुलांच्या मेंदूंचा अभ्यास २००६ साली प्रसिद्ध झाला. त्या मुलांतही हाच आकडीसारखा जुडगा दुर्बळ आढळला. ती मुले गुन्हेगार नव्हती, क्रूर नव्हती. त्यांचा अपराध एवढाच, की जन्मल्यावर त्यांना कोणी उराशी धरले नाही. तेव्हा एखाद्या कैद्याच्या मेंदूत हा दुवा विरलेला दिसला, तर तो जन्मतःच तसा होता, की उपासमार, मारहाण, नशा, डोक्यावरचे आघात आणि तुरुंगातील वर्षे यांनी तो तसा झाला, हे चित्र सांगत नाही. चित्र फक्त 'आहे' म्हणते. 'का आहे' हे त्याला ठाऊक नसते.

हा इशारा आपल्याला तर विशेष लागू आहे. कारण शरीरावरून गुन्हेगार ओळखण्याच्या शास्त्राची किंमत या देशाने पूर्वी मोजली आहे. इटलीच्या सेझारे लोम्ब्रोसो यांनी १८७६ साली कवटीच्या आणि जबड्याच्या ठेवणीवरून 'जन्मजात गुन्हेगार' ओळखण्याचा सिद्धान्त मांडला. त्याच्याही पाच वर्षे आधी, १८७१ साली, इंग्रज सरकारने गुन्हेगार जमातींचा कायदा करून जमातीच्या जमाती जन्माने गुन्हेगार ठरविल्या होत्या. मूल जन्मले की त्याच्या कपाळी पोलिसांतील हजेरी लिहिलेली. १९५२ साली तो कायदा रद्द झाला, परंतु पारधी वा तत्सम जमातीतील मनुष्य गावाबाहेर पाल ठोकून उतरला की आजही संशयाची सुई प्रथम त्याच्याकडेच वळते. कवटीच्या जागी मेंदूची जोडणी आली आणि मोजपट्टीच्या जागी एमआरआय आला, एवढ्याने जुना अन्याय नवे शास्त्र ठरत नाही. ज्यांच्या हाती सत्ता आहे त्यांच्या मेंदूंची चित्रे कोणी काढावयास जात नाही. ती निघतात तुरुंगात आलेल्यांचीच, आणि आपल्या तुरुंगांत येणारी माणसे बहुतांशी कोणत्या थरातील असतात, हे आम्ही सांगावयास नको.

मेंदूला साक्षीदार करण्याचा प्रयोग तर पुण्यात होऊनही गेला आहे. २००८ साली तेथील सत्र न्यायालयाने एका तरुणीला खुनाबद्दल दोषी ठरविताना, तिच्या मेंदूतील विद्युतलहरींच्या चाचणीचाही आधार घेतला. गुन्ह्याची 'अनुभवजन्य स्मृती' मेंदूत आहे की नाही हे ती चाचणी सांगते, असा तिच्या पुरस्कर्त्यांचा दावा होता. बंगळूरच्या निम्हान्स संस्थेच्या संचालकांच्या अध्यक्षतेखालील समितीने त्याच वर्षी अशा चाचण्यांना शास्त्रीय आधार नसल्याचे मत दिले. पुढे ५ मे २०१० रोजी सर्वोच्च न्यायालयाने सेल्वी खटल्यात नार्को, पॉलिग्राफ आणि मेंदूच्या चाचण्या आरोपीच्या संमतीवाचून करणे घटनाबाह्य ठरविले. मनाचे कुलूप राज्यसंस्थेने बळाने फोडू नये, हे त्या निर्णयाचे सार आहे आणि आम्हांस ते सर्वस्वी मान्य आहे.

मग मेंदूशास्त्राला न्यायालयात स्थानच नाही काय? आहे, परंतु ते दोष ठरविण्याच्या वेळी नव्हे. आपला कायदा १८४३ च्या मॅकनॉटन नियमाच्या मार्गाने चालतो. पूर्वीच्या दंडसंहितेचे कलम ८४ आणि १ जुलै २०२४ पासून अमलात असलेल्या भारतीय न्याय संहितेचे कलम २२ एवढेच विचारते: कृत्याचे स्वरूप किंवा ते चूक वा बेकायदा आहे, हे मनाच्या विकलतेमुळे आरोपीला कळण्याची शक्ती नव्हती काय? सायकोपॅथाला ते कळत असते. त्याला त्याचे काही वाटत नाही, हा भाग निराळा. कळणे आणि वाटणे यांतील ही दरी मानसशास्त्राला महत्त्वाची असली, तरी ती जबाबदारीतून मुक्त करीत नाही. करूही नये. ज्याला दुसऱ्याच्या दुःखाचे काही वाटत नाही त्याला निर्दोष ठरवू लागलो, तर निर्ढावलेपणाच बचाव ठरेल.

प्रश्न उभा राहतो तो शिक्षेच्या टप्प्यावर. १९८० साली बच्चनसिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने फाशी ही 'विरळातील विरळ' प्रसंगीच द्यावी असे ठरविले आणि आरोपी सुधारण्यापलीकडे गेला आहे हे राज्यसंस्थेने पुराव्याने दाखविले पाहिजे, अशी अपेक्षा व्यक्त केली. ही अपेक्षा पुढे चार दशके बहुतांशी कागदावरच राहिली. 'गुन्हा निर्घृण आहे, सबब गुन्हेगार सुधारणार नाही' असे एका ओळीचे तर्कशास्त्र पुष्कळ निकालपत्रांना पुरले. अखेर मे २०२२ मध्ये मनोज विरुद्ध मध्य प्रदेश राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने दंडक घालून दिला. फाशीयोग्य गुन्ह्यात आरोपीची मानसोपचारतज्ज्ञांकडून व मानसशास्त्रज्ञांकडून तपासणी झाली पाहिजे, त्याच्या बालपणाची, कुटुंबाची, शिक्षणाची व परिस्थितीची माहिती खटल्याच्या टप्प्यावरच न्यायालयापुढे आली पाहिजे. आदिलाबादचा निकाल या दंडकाच्या आधीचा आहे. त्या निकालाच्या गुणदोषांत आम्ही शिरत नाही. परंतु तपास, आरोपपत्र, साक्षी आणि निकाल हे सारे सदुसष्ट दिवसांत उरकावयाचे असेल, तर मनुष्य कसा घडला याची चौकशी करण्यास कोणत्याही न्यायालयाला कितीशी सवड मिळणार? जलद न्यायाची मागणी रास्तच आहे. वर्षानुवर्षे तारखा घालीत बसणे हाही पीडितांवर अन्यायच. तथापि मृत्युदंड परत घेता येत नाही, आणि म्हणून त्याच्याआधी विचारावयाचा प्रश्न घाईत विचारता येत नाही.

मेंदूचे चित्र या टप्प्यावर दुधारी तलवार ठरते, हेही ध्यानात ठेवले पाहिजे. २००९ साली अमेरिकेतील इलिनॉय राज्यात ब्रायन ड्यूगन या खुन्याच्या वतीने त्याच्या मेंदूच्या तपासणीची साक्ष काढण्यात आली. जोडणीत दोष आहे म्हणून दया करा, असा युक्तिवाद होता. पंचांनी त्याला मृत्युदंडच दिला. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात त्याच देशातील १८१ न्यायाधीशांपुढे एक काल्पनिक खटला ठेवण्यात आला. आरोपी सायकोपॅथ आहे, एवढे कळल्याने न्यायाधीशांचे मन कठोर झाले. परंतु त्याच्या या वृत्तीला जैविक कारण आहे असे सांगितल्यावर शिक्षेची सरासरी सुमारे चौदा वर्षांवरून तेरा वर्षांच्या आत आली. तोच मेंदू, तोच दोष; एकाला तो दयेचे कारण वाटतो, दुसऱ्याला कायमचे संपविण्याचे. यावरून स्पष्ट होते की चित्र निर्णय देत नाही. निर्णय मनुष्यच देतो आणि त्याची जबाबदारी त्याला यंत्रावर टाकता येत नाही.

आदिलाबादकडच्या त्या गुन्ह्यानंतर तीनच दिवसांनी, २७ नोव्हेंबर २०१९ च्या रात्री, हैदराबादच्या वेशीवर एका पशुवैद्यक तरुणीवर तसाच अत्याचार होऊन तिचा खून झाला. तिला 'दिशा' हे नाव मिळाले. सारा देश पेटून उठला, संसदेत आक्रोश झाला. ६ डिसेंबरला पहाटे चारही संशयित पोलिसांच्या गोळ्यांना बळी पडले आणि लोकांनी पोलिसांवर फुले उधळली. पुढे सर्वोच्च न्यायालयाने निवृत्त न्यायमूर्ती सिरपूरकर यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला. २०२२ साली उघड झालेल्या त्याच्या अहवालाचा निष्कर्ष असा, की पोलिसांची कथा विश्वासार्ह नव्हती, गोळ्या ठार मारण्याच्या हेतूनेच झाडल्या गेल्या आणि मेलेल्या चौघांपैकी तिघे त्या वेळी अठरा वर्षांखालील होते. अग्रखंड आणि भावनांची केंद्रे यांच्यातील जोडणी विशीच्या पुढेही पक्की होत राहते, याविषयी मेंदूशास्त्रात फारसा मतभेद नाही. ज्या वयात मनुष्य अजून घडत असतो, त्या वयातील मुलांचा निवाडा न्यायालयाची पायरी न चढताच झाला. ते दोषी होते की निर्दोष, हे आता कधीच कळणार नाही.

आणि 'समता'? तिचा खून आधी झाला, परंतु तिच्यासाठी मेणबत्त्या नंतर पेटल्या आणि थोड्याच पेटल्या. दलित संघटनांनी व स्थानिक लोकांनी आवाज उठविला तेव्हा कोठे तिचे नाव राजधानीपर्यंत पोहोचले. या संदर्भात हॉलंडमधील एक प्रयोग आम्हांस फार बोलका वाटतो. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात अठरा सायकोपॅथ गुन्हेगारांना, हाताला इजा होत असल्याची किंवा हात मायेने कुरवाळला जात असल्याची दृश्ये दाखविण्यात आली. नुसते पाहत असताना त्यांच्या मेंदूंत सामान्य माणसांइतकी स्पंदने उमटली नाहीत. परंतु 'त्या हाताच्या जागी स्वतःला कल्पून पाहा' असे सांगितल्यावर हा फरक पुष्कळसा मिटला. म्हणजे परदुःख जाणण्याची शक्ती तेथे मुळीच नव्हती असे नाही. ती आपण होऊन जागी होत नव्हती. मुद्दाम सांगावे लागत होते.

हा निष्कर्ष वाचून आपण आपल्याकडे पाहिले पाहिजे. शहरातील सुशिक्षित तरुणीच्या वेदनेने आपले मन आपण होऊन हेलावले. डोक्यावर ओझे घेऊन गावोगाव हिंडणाऱ्या दलित बाईच्या वेदनेची मात्र आपल्याला आठवण करून द्यावी लागली. समाजाला मेंदू नसतो, म्हणून ही तुलना शब्दशः घेण्याचे कारण नाही. परंतु कोणाच्या दुःखाची तार आपल्यापर्यंत पोहोचावी आणि कोणाची पोहोचू नये, हे जातीने, वर्गाने आणि शहर-खेड्याच्या अंतराने ठरत असेल, तर जोडणीतला दोष केवळ तुरुंगातच शोधून भागणार नाही.

मग करावयाचे काय? फाशीयोग्य खटल्यांतील तपासणीचा दंडक जिल्हा पातळीवर खरोखर अमलात यावयाचा, तर त्यासाठी तज्ज्ञ माणसे हवीत. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणाच्या सुमारास या देशात लाख लोकसंख्येमागे एक मानसोपचारतज्ज्ञही नव्हता. आदिलाबाद, आसिफाबाद, किनवट वा गडचिरोली अशा भागांत तर हा प्रश्न अधिकच बिकट. बांबोळीची संस्था किंवा नागपूरचे मनोरुग्णालय यांच्यावर सारा भार टाकून राज्य सरकारांनी स्वस्थ बसू नये. ही तपासणी सरकार पक्षाच्या सोयीची वा बचाव पक्षाच्या सोयीची नसावी, स्वतंत्र असावी. आणि मेंदूचे चित्र, काढलेच तर, ते तज्ज्ञाच्या सविस्तर अहवालाचे एक टिपण म्हणूनच यावे, निकालपत्र म्हणून नव्हे.

दुसरे काम अधिक कठीण, परंतु अधिक फलदायी आहे. विस्कॉन्सिनमधील मेंडोटा येथे अत्यंत हिंसक आणि निर्ढावलेल्या किशोरांसाठी एक उपचारकेंद्र आहे. तेथे शिक्षेवर भर न देता चांगल्या वर्तनाला तत्काळ प्रोत्साहन देण्याची पद्धत अवलंबिली जाते. तेथून बाहेर पडलेल्या मुलांकडून पुन्हा घडलेल्या हिंसक गुन्ह्यांचे प्रमाण, नेहमीच्या बंदिगृहातील तशाच मुलांच्या तुलनेत निम्म्यावर आल्याचे अभ्यासात दिसून आले. अमेरिकेतीलच दत्तक मुलांच्या एका अभ्यासात (२०१६) असे आढळले, की जन्मदात्यांकडून निष्ठुरपणाचा वारसा येण्याची शक्यता असलेल्या बालकांतही, दत्तक आईच्या कौतुकाने आणि मायेने तो धोका पुष्कळ कमी झाला. मायेने मज्जातंतू बळावतात असे म्हणण्याइतके शास्त्र अजून पुढे गेलेले नाही. परंतु मायेवाचून ते विरतात, हे त्या अनाथ बालकांनी दाखवून दिले आहे. आश्रमशाळांत, बालगृहांत, निरीक्षणगृहांत वाढणाऱ्या आपल्या हजारो मुलांना उराशी धरणारे कोण आहे? तेथे एक समुपदेशक नेमण्याचा प्रस्ताव आला की अर्थखात्याला काटकसर आठवते; फाशीची मागणी करावयास मात्र खर्च येत नाही.

'समते'च्या मारेकऱ्यांविषयी दया दाखवा, असे आमचे म्हणणे नाही. ज्याने ते कृत्य केले त्याने शिक्षा भोगलीच पाहिजे. आमचे म्हणणे एवढेच, की त्याला राक्षस म्हटल्याने आपली सुटका होत नाही. राक्षस आकाशातून पडतात; माणसे आपल्याच गावात, आपल्याच शाळेत, आपल्याच डोळ्यांदेखत घडतात. मेंदूशास्त्राने एवढे जरी आपल्या मनावर बिंबविले, तरी त्याचे उपकार मानावे लागतील. क्रौर्याचा धागा मेंदूत कोठे तुटतो हे शास्त्रज्ञ शोधत राहोत. तो शाळेत, घरात आणि गावात तुटू न देणे हे काम आपले आहे, आणि ते करावयास एमआरआय यंत्राची वाट पाहण्याचे कारण नाही.